बेडकाच्या हाती गिटार : एका चित्रपुस्तकाची रॉक तबकडी

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, आजचा विषय एकच तबकडी आहे. १९७४ च्या अखेरीस इंग्लंडमध्ये 'पर्पल रेकॉर्ड्स'ने ती काढली. नाव लांबलचक : 'द बटरफ्लाय बॉल अँड द ग्रासहॉपर्स फीस्ट'. आपल्या भाषेत सांगायचं तर फुलपाखराचा नाच आणि नाकतोड्याची मेजवानी. ती रचली रॉजर ग्लोव्हरने. 'डीप पर्पल' या ब्रिटिश हार्ड रॉक बँडचा हा बेसवादक १९७३ च्या जूनमध्ये त्या बँडमधून बाहेर पडला होता. तबकडीत वीस गाणी आणि वाद्यतुकडे आहेत. कानठळ्या बसवणाऱ्या संगीतात हयात गेलेली माणसं इथे ससा, उंदीर, कोळी, वटवाघूळ यांच्या वतीने गातात. मुलांच्या एका चित्रपुस्तकावरून हे सगळं उभं राहिलं.

अशा तबकडीकडे दोन प्रकारे दुर्लक्ष होतं. रॉकचे चाहते तिला पोरखेळ म्हणून बाजूला ठेवतात, आणि बालसाहित्यवाल्यांना ती माहीतच नसते. मला ती फार मोलाची वाटते, कारण एक अवघड काम तिने नीट केलं आहे. चित्राच्या पुस्तकात काळ नसतो. कुठल्या पानावर किती रेंगाळायचं, मागे कधी जायचं, हे मूल ठरवतं. तबकडीची सुई मात्र पुढेच सरकते. मग स्थिर चित्रांच्या पुस्तकातून पाऊण तासाचं सलग संगीत काढायचं कसं? आज त्याचीच उकल करू.

सुरुवात दोनशे वर्षं मागे जाऊन करावी लागेल. लिव्हरपूलचे विल्यम रॉस्को वकील होते, इतिहासकार होते, काही काळ खासदार होते आणि गुलामांच्या व्यापाराचे कट्टर विरोधक होते. आपल्या लहान मुलासाठी, रॉबर्टसाठी, त्यांनी एक कविता लिहिली. ती १८०६ मध्ये एका मासिकात आली आणि १८०७ च्या जानेवारीत जॉन हॅरिस या प्रकाशकाने विल्यम मलरेडीच्या चित्रांसह तिची चिमुकली पुस्तिका काढली. कवितेत घडतं ते एवढंच : गोमाशी तुतारी फुंकून सगळ्यांना बोलावते. मग मुंगी, भुंगा, चतुर, पतंग, गांधीलमाशी जमतात. आंधळ्या मोलला घेऊन डॉरमाऊस बिळातून येतो. हे दोन्ही तिकडचे छोटे प्राणी, आपल्याकडे त्यांना नेमकं नाव नाही. गोगलगाय हातभर अंतरावरून, म्हणजे तिच्या लेखी फार लांबून, येते. अळंबीचं टेबल, त्यावर पानाचा टेबलक्लॉथ, मधमाशीने आणलेला मध. कोळी दोरावरून चालायला जातो, मध्येच पडतो आणि आपल्याच धाग्याला लटकत राहतो. गोगलगाय दिमाखात नाचायला पुढे येते, सगळे हसतात, ती मान आत ओढून शंखात झोपायला जाते. शेवटी रात्र पडते, काजवा कंदील घेऊन पहाऱ्यावर येतो, आणि कवी मुलाला म्हणतो, चल, दिसतंय तोवर घरी जाऊ, आपल्यासाठी कोणी कंदील घेऊन उभं नाही.

या कवितेत बोध नाही. त्या काळात मुलांच्या पुस्तकात बोध नसणं हीच नवलाई होती. आपल्या भारुडात विंचू चावतो तेव्हा तो कामक्रोधाचा विंचू असतो. रॉस्कोची गोमाशी फक्त गोमाशी आहे, तिला तुतारी वाजवता येते इतकंच. लोकांना हे इतकं भावलं की त्याच वर्षी कॅथरीन अ‍ॅन डॉर्सेटने पक्ष्यांच्या मेजवानीवर तसलीच कविता लिहिली, आणि पुढे नकलांची रांग लागली. या कवितेला चालही फार लवकर लागली. इंग्लंडच्या राजकन्यांसाठी जॉर्ज स्मार्ट यांनी ती संगीतबद्ध केली होती. म्हणजे ग्लोव्हर हिला सूर देणारा पहिला नव्हे.

तीत एक बेडूकही आहे, त्याला लक्षात ठेवा. रॉस्कोच्या कवितेत तो कोपऱ्यात बूड टेकून गंभीरपणे आभाळाकडे बघत बसलेला असतो. त्याच्या वाट्याला दोन ओळी येतात आणि तो काहीही करत नाही.

आता १९७३. अ‍ॅलन आल्ड्रिज हा लंडनचा चित्रकार. 'पेंग्विन'च्या मुखपृष्ठांचं काम, 'द हू' या बँडच्या तबकडीचं वेष्टन, १९६९ मध्ये बीटल्सच्या गीतांचा सचित्र ग्रंथ, अशी त्याची कमाई. रॉस्कोच्या जुन्या कवितेवरून त्याने नवं चित्रपुस्तक केलं, हॅरी विलॉक या एअरब्रशच्या कारागिरासोबत. नवी पद्यं लिहिली विल्यम प्लोमर यांनी. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले हे कवी बेंजामिन ब्रिटन या इंग्रज संगीतकाराच्या संगीतिकांचे संहिताकार होते. ते गाण्यासाठी लिहिणारे होते, ही गोष्ट आपल्या कामाची आहे. शेवटी रिचर्ड फिटर या निसर्गअभ्यासकाच्या टिपा : हा पतंग कुठे सापडतो, हा उंदीर काय खातो. 'जोनाथन केप'ने छापलेल्या या पुस्तकाला त्या वर्षीचा बालसाहित्याचा व्हिटब्रेड पुरस्कार मिळाला. प्लोमर त्याच वर्षी वारले.

त्या चित्रांचं तंत्र जरा सविस्तर सांगतो, कारण तबकडीचा नाद समजायला ते उपयोगी पडतं. एअरब्रश म्हणजे दाबलेल्या हवेने रंग उडवणारी लेखणीएवढी पिचकारी. आधी रेखाटन कागदावर उतरवायचं. त्यावर पातळ चिकट फिल्म बसवायची. जो भाग रंगवायचा तेवढाच धारदार पात्याने कापून उचलायचा. पाणीदार रंगाचे विरळ थर एकावर एक उडवायचे, प्रत्येक थर वाळू द्यायचा, मग तो भाग झाकून पुढचा उघडायचा. पात्याचा दाब जास्त झाला तर कागद चिरतो आणि त्या चिरेत रंग धरून काळी रेघ उमटते. फिल्म नीट बसली नसेल तर कडेखाली रंग झिरपतो. रंग घट्ट असेल तर पिचकारी थुंकते आणि गुळगुळीत पोटावर ठिपके पडतात. खालचा थर ओला असताना फिल्म लावली तर काढताना रंगच उचलून येतो. हे सगळं सांभाळलं की ब्रशच्या फटकाऱ्यांचा मागमूस नसलेलं, काचेसारखं चकचकीत चित्र मिळतं. नाकतोड्याच्या पायावरचे काटे शास्त्रीय पुस्तकातल्यासारखे अचूक, पण अंगात झुळझुळीत कोट. प्राण्याचं शरीर खरं आणि कपडे माणसाचे, यातच त्या चित्रांची जादू आहे. प्राण्याचं तोंड माणसासारखं केलं असतं, तर ते साधं व्यंगचित्र झालं असतं.

या पुस्तकावरून एक संगीतमय सजीवपट, म्हणजे अ‍ॅनिमेशनचा चित्रपट, करायचा बेत होता आणि त्याचं संगीत मुळात 'डीप पर्पल'च्या जॉन लॉर्डने करायचं ठरलं होतं. पुरा सजीवपट कधीच झाला नाही, आणि संगीताचं काम ग्लोव्हरकडे आलं. त्या वेळी तो निर्माता म्हणून स्थिरावत होता. न्यूयॉर्क राज्यातल्या 'एल्फ' या बँडची पहिली तबकडी त्याने 'डीप पर्पल'चा ड्रमवादक इयान पेस याच्यासोबत १९७२ मध्ये केली होती. त्या 'एल्फ'चा गायक होता रॉनी जेम्स डिओ. मुलांच्या तबकडीवर एवढी रॉकची फौज कशी जमली, याचं उत्तर इथे मिळतं. ग्लोव्हर ज्यांच्यासोबत रोज काम करत होता, त्यांनाच त्याने बोलावलं.

ती यादी मात्र थक्क करणारी आहे. पहिलं शब्दगीत 'गेट रेडी' गातो ग्लेन ह्यूज, म्हणजे 'डीप पर्पल'मध्ये ग्लोव्हरच्या जागी आलेला माणूस. ज्याने आपली जागा घेतली त्याच्याच हाती ग्लोव्हरने दार उघडायचं काम दिलं. त्याच बँडचा नवा गायक डेव्हिड कव्हरडेल 'बिहाइंड द स्माइल' गातो. केशरी डॉरमाऊस आणि लिझी मधमाशी यांचं युगुलगीत हेलन चॅपेल आणि बॅरी सेंट जॉन या दोघी गातात. बॅरी हे नाव ऐकून फसू नका. 'वेटिंग'साठी जिमी हेल्म्स, 'टुगेदर अगेन'साठी टोनी अ‍ॅश्टन, 'फ्लाय अवे'साठी लायझा स्ट्राइक, वटवाघळाच्या गाण्यासाठी जॉन गुस्टाफसन, 'लिटल चॉक ब्लू' या निळ्या फुलपाखराच्या गाण्यासाठी जॉन लॉटन. हा लॉटन पुढे 'युरायह हीप'चा गायक झाला. ड्रमवर 'किंग क्रिम्सन'चा पहिला ड्रमवादक मायकेल जाइल्स आणि लेस बिंक्स, जो काही वर्षांनी 'जुडास प्रीस्ट'मध्ये गेला. गिटारवर रे फेन्विक. पियानो-ऑर्गनवर एडी हार्डिन, जो काही गाण्यांचा सहरचनाकारही आहे आणि उंदीरसाहेब 'सर मॅक्सिमस माउस' यांच्यासाठी गातोही.

आता मुख्य प्रश्न. पंधराच्या आसपास मुख्य गायक, वीस तुकडे, आणि तरी ही जत्रा न वाटता एक कृती वाटते. ते कसं जमलं?

पहिली गोष्ट म्हणजे घड्याळ. गाण्यांचा क्रम बघा. आरंभी 'डॉन', म्हणजे पहाट, फक्त वाद्यं. मग 'गेट रेडी', तयारीला लागा. मग एकेक पाहुणा. मध्यावर स्वप्नाचं गाणं, नंतर 'वेटिंग', म्हणजे वाट पाहणं. पुढे वटवाघळाचा इशारा. मग 'द फीस्ट', मेजवानी, पुन्हा वाद्यं. मग 'लव्ह इज ऑल', आणि शेवटी 'होमवर्ड', घराकडे. आता रॉस्कोची कविता आठवा. टोप्या उचला आणि निघा, पाहुणे येतात, जेवण होतं, खेळ होतात, अंधार पडायच्या आत घरी. ग्लोव्हरची तबकडी आल्ड्रिजच्या चित्रांवर बेतलेली आहे असं सगळीकडे लिहितात आणि ते खरं आहे. पण तिचा सांगाडा मला १८०७ च्या कवितेचा दिसतो. चित्रांनी पात्रं दिली, जुन्या कवितेने वेळ दिली. कथानक जवळजवळ नाहीच : खलनायक नाही, पेच नाही, सुटका नाही. तरी ऐकणाऱ्याला सतत कळतं की दिवस कुठवर आलाय. संकल्पना-तबकड्या, म्हणजे एकाच कल्पनेवर गाणी गुंफलेल्या तबकड्या, बहुतेकदा इथेच घसरतात. गोष्ट गुंतागुंतीची करतात, मग ती समजावण्यासाठी गाण्यांत माहिती कोंबतात, आणि गाणं निवेदन होऊन बसतं. सूर्योदय ते घरी परतणं या गोष्टीला समजावणीची गरज पडत नाही.

दुसरी गोष्ट : लांबी. पाहुण्यांची गाणी फार आखूड आहेत, काही तर दोन मिनिटांच्याही आतली. एरवी दोन मिनिटांत रॉकचं गाणं गिटारच्या तुकड्यापर्यंतही पोचत नाही. इथे पाहुणा येतो, आपली ओळख देतो आणि बाजूला होतो. पुस्तकाचं एक पान बघायला मुलाला जेवढा वेळ लागतो, जवळपास तेवढाच. ज्या गाण्यांत पात्रापेक्षा भाव मोठा आहे, म्हणजे डिओचं स्वप्नाचं गाणं, 'वेटिंग', 'लिटल चॉक ब्लू', 'होमवर्ड', त्यांना तीन-चार मिनिटं मिळतात. या आखूड-लांबच्या पाळीमुळे वीस गाणी झाली हे जाणवत नाही. सगळी साडेतीन मिनिटांची केली असती, तर एकतर दुहेरी तबकडी लागली असती किंवा निम्मे पाहुणे दारातच राहिले असते.

इथे तबकडीचं भौतिकशास्त्रही आड येतं. बारा इंची तबकडी मिनिटाला तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेते. बाहेरच्या खाचेत सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर खाच सरकते, आतल्या शेवटच्या खाचेत फक्त २१. म्हणजे तेवढ्याच वेळाचा आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबावा लागतो. बाजूच्या शेवटी झांजा आणि 'स' हा वर्ण फाटतात ते यामुळे. शिवाय एका बाजूला वीस-बावीस मिनिटांहून जास्त भरलं तर खाचा जवळजवळ आणाव्या लागतात, त्यासाठी आवाजाची पातळी उतरवावी लागते, आणि मग तबकडीची खरखर वर येते. तेव्हा त्या काळात गाण्यांचा क्रम लावणारा गोष्टीचा विचार करता करता मिनिटंही मोजत असे. जुनी प्रत विकत घेताना प्रत्येक बाजूचा शेवट आधी वाजवून पाहा. झिजलेली सुई तिथेच पकडली जाते.

तिसरी गोष्ट : एका प्राण्याला एक आवाज, आणि खाली वाजवणारे तेच. इथे थोडं रेंगाळायला हवं, कारण असं काही करून पाहणारे इथेच चुकतात. गायक बदलला की स्वरपट्टी बदलते. एकाचा तार सप्तकातला गडगडाट दुसऱ्याच्या आवाक्यातच नसतो. प्रत्येकाच्या सोयीची पट्टी घ्यायची तर शेजारशेजारच्या गाण्यांच्या पट्ट्या एकमेकींशी भांडतात. दोन सलग गाणी अर्ध्या स्वराच्या अंतरावर आली तर ऐकणाऱ्याला क्षणभर वाटतं की यंत्राची गती बिघडली. त्यावर तीन उपाय आहेत. क्रम बदलायचा, मध्ये वाद्यांचा सांधा घालायचा, किंवा पहिल्या गाण्याचा शेवट दोन्ही पट्ट्यांत बसेल अशा एखाद्या स्वरमेळावर आणून सोडायचा. या तबकडीत शब्द नसलेले तुकडे आहेत, पहाट, 'मॅजिशियन मॉथ', मेजवानी. ते नुसती सजावट नाहीत. तिथे कान धुतला जातो आणि पुढच्या आवाजाला कोरी जागा मिळते.

गायक इतके वेगवेगळे असताना खालचे ड्रम, बेस, पियानो, गिटार हा संच फारसा न बदलणं हा खरा खिळा. प्रत्येक गायकाने आपापले वादक आणले असते तर कान दर दोन मिनिटांनी नव्या खोलीत शिरला असता. आपल्या नाटकात पात्रं येतात-जातात, पेटी-तबला मात्र तिथेच असतो, तसंच हे.

चौथी, आणि माझ्या मते सगळ्यांत हुशारीची गोष्ट, म्हणजे सूत्रधार. पंधरा जणांत एकच आवाज असा आहे जो पुन्हा पुन्हा येतो : रॉनी जेम्स डिओ. 'सिटिंग इन अ ड्रीम', 'लव्ह इज ऑल', 'होमवर्ड'. मध्य, कळस आणि निरोप. बाकीचे बहुतेक एकदा येऊन जातात. हा परतून आला की श्रोता घरच्या माणसाला भेटल्यासारखा सैलावतो. आणि 'लव्ह इज ऑल'मध्ये हा आवाज बेडकाचा आहे. रॉस्कोच्या कोपऱ्यात आभाळाकडे बघत बसलेला तोच गंभीर बेडूक. दीडशेहून अधिक वर्षांनी त्याला कंठ फुटला. ग्लोव्हरने किंवा चित्रकारांनी हे त्या दोन ओळी डोळ्यांपुढे ठेवून केलं असं मी म्हणणार नाही. पण जुनी कविता वाचून मग हे गाणं ऐकणाऱ्याला हा धागा सुखावतो. पुढे ज्याचं नाव जड रॉकशी कायमचं जोडलं गेलं, त्या गायकाचा आवाज इथे किती मोकळा आणि हसरा लागलाय ते मुद्दाम ऐका. मुलांसाठी गायचं म्हणून त्याने आवाज बोबडा केलेला नाही, आणि तबकडीवरच्या कोणीच केलेला नाही. चित्रकाराने नाकतोड्याचा पाय जसा खरा ठेवला, तसा ग्लोव्हरने गायकाचा गळा खरा ठेवला.

ग्लोव्हर आणि हार्डिन यांचं हे 'लव्ह इज ऑल' नेदरलँड्समध्ये पहिल्या क्रमांकावर पोचलं. 'हलास अँड बॅचलर' या स्टुडिओने, म्हणजे १९५४ साली 'अ‍ॅनिमल फार्म' करणाऱ्यांनी, त्यावर छोटा सजीवपट केला : गिटार घेतलेला बेडूक जंगलातून गात निघतो आणि एकेक प्राणी मेजवानीला जाऊन मिळतो. फ्रान्समध्ये 'आंतेन २' वाहिनीवर आणि ऑस्ट्रेलियात 'एबीसी'वर कार्यक्रमांमधली रिकामी मिनिटं भरायला तो लावत. त्यामुळे त्या दोन देशांतल्या एका पिढीला बेडूक तोंडपाठ आहे, पण ही पुऱ्या तबकडीतली एक फांदी आहे हे त्यांतल्या अनेकांना ठाऊक नसतं.

मोठा सजीवपट का अवघड, याचा हिशोब घालून बघा. चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी असतात. एक चित्र दोन चौकटींना पुरवलं तरी सेकंदाला १२ चित्रं. सव्वातीन मिनिटांच्या गाण्याला २,३४० चित्रं लागतात, आणि ऐंशी मिनिटांच्या चित्रपटाला ५७,६००. त्यात एकाच चौकटीत तीन प्राणी वेगवेगळे हलत असतील तर तिप्पट. आणि आल्ड्रिजची शैली सजीवपटाला फारच प्रतिकूल. एअरब्रशची मऊ छाया एका स्थिर चित्रात अप्रतिम, पण ती पुढच्या चित्रात तंतोतंत तशीच उडवता येत नाही. थोडी हलली तरी पडद्यावर अंग उकळल्यासारखं थरथरतं. म्हणून सजीवपटात कडा ठळक आणि रंग सपाट करावे लागतात, आणि ते झालं की मूळ चित्रांची अर्धी मोहिनी जाते. छोट्या पटात ही तडजोड खपते, दीड तास खपणं कठीण.

प्रत्यक्ष प्रयोगही झाला, १६ ऑक्टोबर १९७५ ला, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये. १८७१ च्या या लंबगोल सभागृहात पूर्वी प्रतिध्वनी इतका येई की तो आवरायला १९६९ मध्ये छताला फायबरग्लासच्या मोठ्या गोल थाळ्या टांगल्या. तिथले लोक त्यांना 'अळंब्या' म्हणतात. म्हणजे नाकतोड्याची मेजवानी खरोखरच अळंब्यांखाली झाली. या योगायोगाने मला दर वेळी आनंद होतो.

त्या रात्री डिओ नव्हता. तो तोवर 'डीप पर्पल'चा गिटारवादक रिची ब्लॅकमोर याच्या 'रेनबो' या नव्या बँडमध्ये गेला होता. त्याच्या जागी इयान गिलन आला, ग्लोव्हरसोबतच 'डीप पर्पल' सोडलेला गायक. निवेदनासाठी अभिनेते व्हिन्सेंट प्राइस. हे निवेदन केवळ शोभेला नव्हतं. रंगमंचावर इतके गायक बदलायचे म्हणजे प्रत्येक वेळी ध्वनिक्षेपकाची उंची, आवाजाची पातळी, गायकाला मंचावर ऐकू येणारा परतीचा आवाज, सगळं पुन्हा लावायचं. तबकडीत जो सांधा अर्ध्या सेकंदात जुळतो त्याला मंचावर अर्धं मिनिट जातं. ते अर्धं मिनिट निवेदक भरून काढतो. टोनी क्लिंगर यांनी या कार्यक्रमावर चित्रपट केला, त्यात बाहेरच्या दृश्यांत माणसांना प्राण्यांचे वेष चढवून फिरवलं. माझ्या मते तो भाग फसला. चित्रात प्राण्याचं अंग खरं आणि कपडे माणसाचे होते, इथे अंग माणसाचं आणि मुखवटा प्राण्याचा. उलटं केल्याबरोबर सगळं विरून गेलं. गाणारा माणूस साधा समोर उभा राहतो ती दृश्यं मात्र आजही बघावीत.

आपल्याकडे मराठी चित्रपुस्तकांवरून असं काही करू पाहणाऱ्या मंडळींसाठी दोन-तीन कामाच्या गोष्टी. पुस्तकाचा मजकूर आणि चित्रं यांचे हक्क बहुधा दोन वेगळ्या व्यक्तींकडे असतात, तेव्हा परवानग्या दोन घ्या, आणि चाल बांधायच्या आधी घ्या. भारतात साहित्यकृतीचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. रॉस्को १८३१ मध्ये वारले, त्यांची कविता सर्वांची आहे, तिचा अनुवाद करून चाल लावा, कोणी अडवणार नाही. प्लोमर यांचे शब्द इथे २०३३ अखेरपर्यंत हक्काखाली आहेत, इंग्लंडमध्ये २०४३ अखेरपर्यंत.

मग पुस्तक हातात घेऊन प्रत्येक पानावर दोनच नोंदी करा : दिवसाची वेळ कोणती, आणि हा प्राणी जलद की संथ. दोन जलद प्राणी सलग आले तर एकाला हलवा. गायक ठरल्यावर प्रत्येकाची सर्वांत खालची आणि वरची आरामात लागणारी पट्टी लिहून घ्या आणि मगच क्रम पक्का करा. आधी ध्वनिमुद्रण आणि मग क्रम असं केलं, तर सांधे जुळत नाहीत आणि शेवटी यंत्राने पट्टी सरकवावी लागते, त्यात माणसाचा गळा प्लॅस्टिकचा होतो. ग्लोव्हरच्या काळी ती पळवाट नव्हती. लंडनच्या स्टुडिओंत तेव्हा दोन इंची फितीवर साधारण सोळा मार्ग, म्हणजे वेगवेगळे आवाज स्वतंत्र भरायचे ट्रॅक, मिळत. ड्रमला चार, बेसला एक, गिटारला दोन, पियानो-ऑर्गनला दोन, तंतुवाद्यांना चार, कोरसला दोन दिले की मुख्य गायकाला एक उरतो. संपले सोळा. आणखी काही हवं तर आधीचे मार्ग एकात मिसळून जागा करायची, आणि अशा प्रत्येक नकलेबरोबर फितीची सरसर वाढायची. आज शंभर मार्ग फुकट मिळतात. तरी मुलांसाठी काम करताना सोळाची मर्यादा स्वतःहून पाळून बघा. शब्द ऐकू येतील, आणि मुलं शब्द ऐकतात.

मुलांना ऐकवताना पुस्तक आधी की तबकडी आधी, हा प्रश्न नेहमी येतो. तबकडी आधी लावा. चित्र आधी दिसलं की ससा तसाच राहतो. फक्त आवाज ऐकला तर मूल आपला ससा स्वतः काढतं. कागद-खडू जवळ ठेवा, आणि मग पुस्तक उघडा. आखूड गाण्यांच्या वेळी चित्र पूर्ण होत नाही म्हणून मुलं चिडतात, तेव्हा थांबवू नका, ते गाणं दुसऱ्या फेरीत पुन्हा येणारच आहे.

फोनवर ऐकणार असाल तर उलटसुलट क्रमाने वाजवण्याची सोय बंद करा, आणि दोन गाण्यांमध्ये शांतता घालणारी किंवा एकमेकांत मिसळणारी आपोआप चालणारी सोयही बंद करा. सांधे ग्लोव्हरने घातलेत तेवढे पुरे आहेत. नुसतं बेडकाचं गाणं शोधून ऐकू नका. अठरा तुकडे पार करून, मेजवानी उरकून तो बेडूक येतो तेव्हाच तो सगळ्यांना मिळून गायला लावू शकतो, आणि त्यानंतरच्या 'होमवर्ड'मध्ये अंधार पडायला लागलेला कळतो.

आता दिवे मंद करू. पहिली 'डॉन' आहे, तिला शब्द नाहीत. मागे बसलेल्यांना ऐकू येईल एवढाच आवाज ठेवतो, पुढच्या गाण्यात तो आपोआप चढेल.